ऑपरेशन चालू असताना आईच्या डोळ्याचं प्रेशर कोण बघतं?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतात, आई दिंडोरीकडच्या गावात, वय ६९. आईला दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे, बरीच वर्षं ड्रॉप चालू आहेत, सध्या दोन प्रकारचे. आता उजव्या डोळ्यात मोतीबिंदूही वाढलाय आणि नाशिकच्या डॉक्टरांनी दोन्हीचं ऑपरेशन एकाच वेळी करून टाकू असं सुचवलंय. घरात तीन मतं आहेत. भाऊ म्हणतो फक्त मोतीबिंदू काढा, काचबिंदूला ड्रॉप आहेतच, आणि तेही मुंबईला करा कारण तिथे ऑपरेशन चालू असतानाच प्रेशर दाखवणारं मशीन आहे. आई म्हणते सिंहस्थ होऊ दे, स्नान झालं की बघू. ताई ऑपरेशनला तयार आहेत पण घाबरल्यात, कारण मावशीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी प्रेशर ३८ निघालं होतं आणि मावशीचं ठाम म्हणणं आहे की ऑपरेशनमध्ये प्रेशर कुणी मोजलंच नाही. त्यात आईचं प्रेशर गावच्या शिबिरात १६, एका दवाखान्यात २४ आणि दुसरीकडे २० आलंय. ताईंचा प्रश्न: ऑपरेशन चालू असताना प्रेशर मोजा आणि आकडा लेखी द्या असा मी आग्रह धरू का?

ताई, आधी सांगते, मी डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट आहे. पेशंट डॉक्टरांसमोर जायच्या आधी नंबर काढणं, प्रेशर घेणं, फील्ड टेस्ट करणं म्हणजे नजरेचा घेर तपासणं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे आईंचं कुठलं ऑपरेशन करायचं हे मी सांगणार नाही, ते ज्यांनी त्यांची नर्व्ह, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी आणि काचबिंदूत खराब होत जाणारी नस, बघितलीय तेच सांगू शकतात. पण आकडा कुठे खरा मानायचा, कुठे नाही, आणि आग्रह नेमका कशाचा धरायचा, हे मी मनापासून सांगू शकते, कारण तुमच्यासारखी घाबरलेली मुलं-मुली मला रोज भेटतात आणि बरेचदा त्यांचा आग्रह भलत्याच ठिकाणी खर्च होतो.

१६, २४ आणि २० या आकड्यांवरून तुम्ही धरून चाललाय की यातला एकच खरा आणि बाकीचे दोघं चुकले. तसं असेलच असं नाही. शिबिरात बहुतेक हवेचं मशीन असतं, फुस्स करून हवा मारतं आणि पेशंट दचकतो. काचबिंदूच्या पेशंटला आम्ही जे मोजतो ते गोल्डमन टोनोमीटरने, म्हणजे प्रेशर मोजायच्या मशीनने. डोळ्यात सुन्न करणारा थेंब टाकायचा, पिवळा रंग लावायचा, निळा लाइट लावायचा आणि एक छोटा प्रिझम डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला म्हणजे कॉर्नियाला अलगद टेकवायचा. मला आतून दोन हिरवट अर्धवर्तुळं दिसतात, बाजूची चकती फिरवत फिरवत त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना जेमतेम चिकटवायच्या, चिकटल्या की चकतीवर जे येईल त्याला गुणिले दहा. एवढंच आहे. पण त्या दहा सेकंदांत आजी श्वास रोखून धरतात, पापण्या गच्च आवळतात, काकांच्या शर्टाचं वरचं बटण गळ्याला आवळलेलं असतं, आणि तेवढ्यानेही आकडा चांगला वर जातो. म्हणून मी आधी बटण काढायला लावते, श्वास सोडा म्हणते, मग मोजते. शिवाय प्रेशर दिवसभर एकसारखं नसतंच, पुष्कळ लोकांत सकाळी जास्त असतं, आणि त्या दिवशी ड्रॉप टाकले होते की गावाहून एसटीने निघायच्या गडबडीत राहिले यानेही फरक पडतो. आणखी एक गोष्ट, कॉर्नियाची जाडी. साधारण ५४० मायक्रॉन म्हणजे अर्ध्या मिलीमीटरच्या जरा वर असते. कुणाची पातळ असली तर मशीन प्रेशर कमी दाखवतं, जाड असली तर जास्त. आईंची जाडी मोजली असेल तर फाइलमध्ये पॅकीमेट्री म्हणून आकडा असेल, नसेल तर मोजून घ्या, एकदाच करायची टेस्ट आहे आणि दुखत नाही.

१० ते २१ नॉर्मल असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. ज्यांना काचबिंदू नाही त्यांच्यासाठी तो अंदाज ठीक आहे. आईंसाठी नाही. ज्यांची नर्व्ह आधीच अशक्त झालीय त्यांना २० सुद्धा जास्त असू शकतं, काहींची नर्व्ह १६ ला पण खराब होत राहते. म्हणून डॉक्टर प्रत्येक पेशंटसाठी टार्गेट प्रेशर ठरवतात. तुम्ही डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा, आईचं टार्गेट किती आणि आत्ता आपण त्याच्या किती वर आहोत. या उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे, कुठलं ऑपरेशन हेसुद्धा.

आता तुमचा मूळ प्रश्न, टेबलावर प्रेशर मोजतात का. ताई, यात दोन ऑपरेशनं आहेत आणि दोन्हींची गोष्ट वेगळी आहे.

मोतीबिंदूचं फेको, म्हणजे बारीक छेदातून मोतीबिंदूचे तुकडे करून ओढून काढायचं ऑपरेशन, करताना डोळा सपाट पडू नये म्हणून आत सतत सलाइन सोडावं लागतं. साध्या मशीनला ते सलाइन स्टँडवरच्या बाटलीतून येतं आणि बाटली जितकी उंच तितकं डोळ्यात प्रेशर जास्त, गच्चीवरच्या टाकीचं पाणी खालच्या मजल्यावर जोरात येतं तसंच. बाटली डोळ्यापेक्षा एक मीटर वर असेल तर हिशोबाने प्रेशर ७० च्या पुढे जातं, मग पाणी वाहायला लागलं की त्यातून कमी होतं, मध्येच टोकाला मोतीबिंदूचा तुकडा अडकला की पुन्हा वर. म्हणजे मावशींच्या डोळ्यात ऑपरेशन चालू असताना ३८ च्या बऱ्याच वर प्रेशर गेलं असणार आणि तुमच्या-माझ्या आईच्या वयाच्या बहुतेक सगळ्यांच्याच डोळ्यात ते जातं. ऐकून घाबरू नका. काही मिनिटांचं हे प्रेशर निरोगी नर्व्ह सहन करते. त्या वेळी ते कुणी टोनोमीटर लावून मोजत नाही, ते बाटलीच्या उंचीने आणि सर्जनच्या पायाखालच्या पेडलने ताब्यात ठेवलं जातं. नव्या काही मशीनमध्ये बाटली लटकवायची गरजच नसते, हवं ते प्रेशर स्क्रीनवर सेट करता येतं, आणि काहींमध्ये हातातल्या पेनसारख्या हँडपीसमध्येच सेन्सर असतो, प्रेशर पडलं किंवा चढलं की मशीन लगेच सांभाळून घेतं. तुमचा भाऊ बहुतेक याबद्दलच बोलतोय आणि त्याचं म्हणणं खोटं नाही, नर्व्ह खूप अशक्त असेल तर कमी प्रेशरवर फेको करता येणं हा फायदाच आहे. पण त्यासाठी मुंबईच गाठावी लागेल असं कुणी सांगितलं? अशी मशीनं नाशिकमध्ये आहेत का हे दोन-तीन ठिकाणी फोन करून कळेल. आणि साध्या मशीनवरही अनुभवी सर्जन बाटली खाली घेऊन सावकाश काम करू शकतात. तेव्हा मशीनचं नाव विचारण्यापेक्षा असं विचारा, आईची नर्व्ह अशक्त आहे, तुम्ही फेको करताना प्रेशर कमी ठेवाल का, कसं ठेवाल. जे डॉक्टर याचं नीट उत्तर देतात त्यांच्याकडे मी माझ्या आईला नेईन.

काचबिंदूचं ऑपरेशन, ट्रॅबेक्युलेक्टॉमी, हे १९६८ पासून या रूपात चालत आलंय आणि आजही कितीतरी पेशंटसाठी तेच केलं जातं. यात डोळ्यातलं पाणी बाहेर झिरपायला एक नवी वाट करतात, वर पांढऱ्या भागाचंच एक पातळ झाकण ठेवतात आणि ते बारीक टाक्यांनी शिवतात. इथे प्रेशरचा सगळा खेळ त्या टाक्यांत आहे. टाके सैल राहिले तर पाणी भसाभस निघून डोळा मऊ पडेल, घट्ट झाले तर वाट केली काय नि नाही केली काय. म्हणून शेवटी सर्जन बाजूच्या बारीक छेदातून सलाइन भरतात, झाकणाच्या कडेने पाणी किती वेगाने झिरपतंय ते मायक्रोस्कोपखाली बघत राहतात, कॉर्नियावर बोथट टोकाने नाहीतर बोटाने हलकं दाबून डोळा किती टणक आहे ते पाहतात, एखादा टाका सोडतात, परत बांधतात, परत भरतात, परत बघतात. हे मी ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहून पाहिलंय आणि मला विचाराल तर अख्ख्या ऑपरेशनमधला सगळ्यात महत्त्वाचा वेळ तोच असतो, तिथे घाई करून चालत नाही.

मग तिथेच मशीन लावून आकडा का नाही घेत? गोल्डमनला पेशंट बसलेला लागतो, इथे आई आडवी झोपलेली, तोंडावर निर्जंतुक कापड, पापण्या क्लिपने ताणलेल्या. आडवं झोपल्यावर प्रेशर बसल्यापेक्षा जास्त असतं, ती क्लिपसुद्धा डोळ्यावर जोर देते, भुलीच्या इंजेक्शनने डोळ्यामागे औषध साठलेलं असतं, कॉर्नियाला जराशी सूज आलेली असते. काही सर्जन हातात धरायचं टोनोमीटर निर्जंतुक कव्हर घालून वापरतात, आणि चांगलंच आहे ते, टाका अजून आवळायचा का याचा अंदाज येतो. पण हा सर्जनच्या उपयोगाचा आकडा आहे. तुम्हाला लेखी देऊन तुम्ही त्याचं करणार काय? टेबलावर १२ असलं म्हणून सकाळी १२ च असेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. तेव्हा लेखी आकड्याचा आग्रह सोडा असं माझं स्पष्ट मत आहे. त्या आग्रहाने डॉक्टरांशी नातं विनाकारण ताणलं जाईल, आणि पुढचे दोन महिने तुम्हाला त्या नात्याची फार गरज लागणार आहे.

आता मावशींचं ३८. ऑपरेशनमध्ये दुर्लक्ष झालं म्हणूनच ते आलं असं मावशींना वाटतं, पण याचं नेहमीचं कारण वेगळं आहे. लेन्स बसवताना डोळ्यात जेलीसारखं औषध भरतात, शेवटी ते धुऊन काढतात, तरी थोडं आत राहू शकतं आणि पाणी बाहेर जायची जाळी त्याने तात्पुरती तुंबते. प्रेशर चढतं ते बहुतेक ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही तासांत, म्हणजे पेशंट घरी जाऊन झोपलेला असतो तेव्हा. साध्या पेशंटचं एक-दोन दिवसांत आपोआप उतरतं. काचबिंदूवाल्यांची जाळी आधीच खराब, त्यांचं जास्त चढतं आणि त्यांना ते परवडत नाही. म्हणून ताई, आग्रह इथे धरा. डॉक्टरांना सांगा की आईचं प्रेशर त्याच दिवशी संध्याकाळी एकदा बघाल का, आणि नाहीतर रात्रीसाठी गोळी द्याल का. ॲसिटाझोलामाइडची गोळी बऱ्याचदा देतात. तिने बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होते, यात घाबरण्यासारखं नाही. पण आईंना सल्फाची ॲलर्जी असेल, मुतखडा किंवा किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगायचं. आणि ऑपरेशनच्या रात्री आईंना तुमच्याकडे इंदिरानगरलाच ठेवा, दिंडोरीला परत पाठवू नका. डोळा किंवा कपाळ जोरात दुखायला लागलं, मळमळ, उलटी झाली तर आपल्याकडे लगेच ॲसिडिटी झाली म्हणून ईनो देतात, तसं करू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखान्याच्या इमर्जन्सी नंबरला फोन करा. तो नंबर डिस्चार्जच्या आधी मोबाइलमध्ये सेव्ह करून एकदा लावून बघा.

त्यानंतरचा धोका लोकांना माहीतच नसतो. ऑपरेशननंतर जे ड्रॉप देतात त्यात स्टेरॉइड असतं, सूज कमी व्हायला ते लागतंच. पण काही लोकांचं प्रेशर या ड्रॉपनेच वाढतं, साधारण दोन-तीन आठवड्यांनंतर, आणि काचबिंदूच्या पेशंटमध्ये हे जास्त दिसतं. दुखत नाही, लाल होत नाही, दिसतं छान, म्हणून लोक फॉलोअपला येत नाहीत. वर मेडिकलवाल्याकडून तीच बाटली परत आणतात. तुमच्या भागात तर द्राक्षबागेत फवारणीचे दिवस आले की डोळे चुरचुरतात म्हणून सरळ मेडिकलमधून ड्रॉप आणून महिनोन्महिने टाकणारे कितीतरी लोक आहेत, त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं आणि त्याने धडधाकट माणसालाही काचबिंदू होऊ शकतो. हे गावात सगळ्यांना सांगा, कळकळीने सांगतेय. आईंच्या बाबतीत तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातली प्रेशरची तपासणी अजिबात चुकवायची नाही, द्राक्षाची तोडणी असो नाहीतर घरात लग्न असो.

मुंबईचं उत्तर खरं तर यातच आलं. नुसत्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मुंबईत करून आलं तर निभावतं. काचबिंदूच्या ऑपरेशननंतर मात्र पहिल्या महिन्यात परत परत जावं लागतं. सकाळी प्रेशर ६ निघेल, आठवड्याने २२ निघेल, मग डॉक्टर लेझरने एखादा टाका तोडतील किंवा सोडायचा टाका ओढतील, कधी मसाज शिकवतील. टेबलावर टाके थोडे घट्ट ठेवून नंतर असं बेताबेताने सैल करणं ही मुद्दाम ठरवलेली पद्धत आहे. म्हणजे प्रेशरचं खरं काम ओपीडीत होतं. त्यासाठी ६९ वर्षांच्या बाईला डोळ्याला पट्टी लावून दर वेळी कसारा घाट उतरवणार आहात का? दुसरं मत हवं असेल तर फाइल घेऊन एकदा मुंबईला जरूर जाऊन या, ऑपरेशन मात्र जिथे तासाभरात पोचता येईल तिथे करावं असं मला वाटतं. डॉक्टर काचबिंदूचं ऑपरेशन नियमित करतात का, हे विचारायला लाजू नका.

भाऊ म्हणतो तसं फक्त मोतीबिंदू काढणं हा पर्याय चुकीचा नाही. मोतीबिंदू काढल्याने प्रेशर थोडं उतरतंही, आणि डोळ्याचा कोन, म्हणजे पाणी बाहेर जायची जाळी असते ती जागा, अरुंद असेल, म्हणजे अँगल क्लोजर प्रकार असेल तर बरंच उतरू शकतं, कारण फुगलेली लेन्स निघाली की कोन मोकळा होतो. काचबिंदू सुरुवातीचा असेल, एक-दोन ड्रॉपवर प्रेशर टार्गेटच्या आत असेल, फील्ड टेस्ट दोन-तीन वर्षांत बदलली नसेल आणि आई ड्रॉप खरंच वेळेवर टाकत असतील, तर भावाचं म्हणणं डॉक्टरही ऐकतील. फील्ड खराब होत चाललं असेल किंवा गावात एकटीला ड्रॉप टाकणं जमत नसेल, तर एकत्र ऑपरेशनमागे कारण आहे. आईंना एकदा तुमच्यासमोर ड्रॉप टाकायला सांगा. निम्मे थेंब गालावर जातात हे मी रोज बघते, आणि घरच्यांना वाटत असतं औषध चालू आहे.

एक गोष्ट मात्र घरात सगळ्यांनी ऑपरेशनच्या आधी समजून घ्या. मोतीबिंदूने गेलेलं परत दिसेल. काचबिंदूने गेलेलं परत येणार नाही, ते ऑपरेशन उरलेलं टिकवण्यासाठी आहे. हे आधी बोललं नाही तर नंतर आई म्हणतील ऑपरेशन फसलं.

सिंहस्थासाठी थांबायचं का? हे फील्ड टेस्ट बघून डॉक्टरांनाच विचारा, पण २०२७ पर्यंत नुसती वाट बघणं मला पटत नाही, तेवढ्यात जी नर्व्ह जाईल ती गेलीच. आणि काचबिंदूचं ऑपरेशन झालं की वरच्या पापणीखाली पाण्याचा छोटा फुगवटा राहतो, तिथे वर्षांनंतरही इन्फेक्शन होऊ शकतं, म्हणून रामकुंडात डोकं बुडवून डुबकी नको. पाय बुडवा, ओंजळीने अंगावर पाणी घ्या, चेहरा टाळा. आईंना हे आत्ताच, प्रेमाने सांगा, म्हणजे त्या मनाची तयारी करतील. पुढे कधीही तो डोळा लाल झाला, चिकट पाणी आलं, दुखलं तर त्याच दिवशी दाखवायचं, उद्यावर ढकलायचं नाही.

एक वही करा, मोबाइलमध्ये असली तरी चालेल. तारीख, वेळ, उजवा किती, डावा किती, कुठल्या मशीनवर, ड्रॉप किती वाजता टाकला होता. प्रेशर घेणाऱ्याला आकडा विचारायचा, सांगतात सगळे. शक्यतो एकाच ठिकाणी, साधारण त्याच वेळी मोजून घ्या. डाव्या डोळ्याचा आकडाही लिहीत जा, सगळं लक्ष ऑपरेशनच्या डोळ्याकडे जातं आणि दुसऱ्याचे ड्रॉप राहून जातात. ऑपरेशनच्या आधी कुठले ड्रॉप चालू ठेवायचे, कुठले थांबवायचे आणि नंतर कधी सुरू करायचे हे चिठ्ठीवर लिहून घ्या, तोंडी नको.

आणि ताई, पत्रात तुम्ही स्वतःबद्दल काहीच लिहिलं नाहीये. आईला काचबिंदू असेल तर मुलांना होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, मावशींनाही तेच लागू आहे. चाळिशी ओलांडली असेल तर नुसता चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नका, प्रेशर, कॉर्नियाची जाडी आणि नर्व्हची तपासणी सांगून करून घ्या, आईंच्या पुढच्या फॉलोअपला जाल त्याच दिवशी, भावालाही सोबत घेऊन. बाहुली मोठी करायचा थेंब टाकला तर चार-पाच तास अंधुक दिसतं, तेव्हा गाडी चालवायला तिसरं कुणीतरी न्या.